एकविसाव्या वर्षाचा उंबरठा

मद्य पिऊन वाहन चालवल्याने जीव गेला की समाजाची नजर प्रथम दोषी चालकाकडे वळते, आणि न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच असते. परंतु असे मृत्यू कमी कसे करायचे या प्रश्नाचे उत्तर केवळ चालकाच्या स्वभावात किंवा संस्कारांत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. एकाच स्वभावाची, एकाच वयाची, एकाच गावातली तरुण मुले एका वर्षी मोठ्या संख्येने मरतात आणि काही वर्षांनी त्याच वयाची मुले बऱ्याच कमी संख्येने मरतात, तेव्हा मधल्या काळात माणसे बदललेली नसून त्यांच्याभोवतीचे नियम बदललेले असतात. हे जितक्या स्पष्टपणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दिसले तितके क्वचितच अन्यत्र दिसले असेल, कारण तेथे मद्य विकत घेण्याचे किमान वय दोन दशकांच्या आत प्रथम खाली आणले गेले आणि मग पुन्हा वर नेले गेले, आणि दोन्ही वेळा त्याचा परिणाम रस्त्यांवरील मृत्यूंच्या नोंदीत उमटला.

या विषयात वारंवार येणारी संज्ञा म्हणजे रक्तातील मद्यांश, अर्थात शंभर मिलिलीटर रक्तात असलेले मद्यार्काचे मिलिग्रॅममधील प्रमाण. अमेरिकेत एका प्रमाणित पेयात, म्हणजे सुमारे ३५५ मिलिलीटर बिअरमध्ये किंवा ४४ मिलिलीटर व्हिस्कीमध्ये, साधारण १४ ग्रॅम शुद्ध मद्यार्क धरला जातो, आणि सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातील मद्यांश अशा एका पेयाने ढोबळमानाने २० ते २५ मिलिग्रॅमने वाढतो. शरीर मात्र तो जवळपास ठरावीक गतीनेच, म्हणजे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास, कमी करते. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी यांनी त्या गतीत फरक पडत नाही. त्यामुळे मध्यरात्रीनंतर ज्याचा मद्यांश १५० मिलिग्रॅम आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघतानाही पूर्णपणे शुद्धीवर आलेला असेलच असे नाही, आणि झोप झाली म्हणजे दारू उतरली हा समज जीवघेणा ठरू शकतो.

मद्यांश आणि अपघात यांच्यातील नाते प्रथम मोठ्या प्रमाणावर मोजले गेले ते मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या शहरात. श्वासातून मद्य मोजणारे यंत्र १९५४ साली घडवणारे रॉबर्ट बोर्केनस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे अपघातात सापडलेल्या हजारो चालकांची तपासणी केली, आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी त्याच जागी, त्याच वेळी, अपघाताविना जाणाऱ्या हजारो चालकांनाही थांबवून तपासले. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवून दिले की मद्यांश वाढतो तसा धोका सरळ रेषेत न वाढता उसळी घेत जातो. पुढे पॉल झॅडोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात वयाचा घटक वेगळा काढला, आणि तेथे या प्रकरणाचा गाभा उघड झाला. एकट्याच वाहनाच्या प्राणघातक अपघातात चालकाचा बळी जाण्याचा धोका त्याच वयाच्या मद्य न प्यालेल्या चालकाच्या तुलनेत, ८० ते १०० मिलिग्रॅम मद्यांश असलेल्या पस्तिशीपुढील चालकांमध्ये सुमारे अकरा पट, तर एकविशीखालील मुलग्यांमध्ये सुमारे बावन्न पट आढळला. म्हणजे तेवढेच मद्य रक्तात असताना वडिलांना जेवढा धोका असतो त्याच्या कितीतरी पट अधिक धोका मुलाला असतो; आणि हा मुलगा मद्य न पिता गाडी चालवतानाही वडिलांपेक्षा अधिक धोक्यात असतो, ही गोष्ट त्यात पुन्हा वेगळीच मिळवावी लागते.

याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. वाहन चालवण्याचे कौशल्य प्रारंभी जाणीवपूर्वक केलेल्या कृतींचे असते, म्हणजे आरसा पाहणे, वेग अजमावणे, वळणाचा अंदाज घेणे यांतील प्रत्येक गोष्टीसाठी लक्ष खर्च करावे लागते, आणि वर्षानुवर्षांच्या सरावानंतरच ती अंगवळणी पडते. मद्य नेमके हेच लक्ष विभागण्याचे सामर्थ्य सर्वांत आधी हिरावून घेते, त्यामुळे ज्याच्याकडे सवयीचा आधार नाही त्याचे नुकसान अधिक होते. दुसरे कारण मेंदूच्या वाढीशी निगडित आहे. आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. तिसरे कारण सहसा दुर्लक्षित राहते: प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की वयात येणाऱ्या जीवांना मद्यामुळे येणारी गुंगी आणि तोल जाणे हे प्रौढांपेक्षा कमी जाणवते. माणसांतही असेच घडत असेल, तर प्रौढाला जी सुस्ती खुर्चीत बसवून ठेवते ती तरुणाला येत नाही, आणि तो स्वतःला चांगल्या स्थितीत समजून गाडीची किल्ली उचलतो. यांत रात्रीची वेळ, शनिवार-रविवार, गाडीतले समवयस्क मित्र आणि न लावलेला सीटबेल्ट यांची भर पडते. या सर्व गोष्टी एकाच रात्री एकाच गाडीत एकत्र येतात, आणि म्हणूनच तरुणांच्या बाबतीत धोक्याचा गुणाकार होतो.

आता त्या किमान वयाच्या इतिहासाकडे वळता येईल. १९३३ साली देशव्यापी दारूबंदी उठल्यानंतर बहुतेक राज्यांनी मद्यविक्रीसाठी २१ हे वय ठरवले होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अठराव्या वर्षी सैन्यात भरती होणाऱ्या तरुणाला मतदानाचा हक्क का नसावा, हा प्रश्न तीव्र झाला आणि १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय १८ वर आणले. त्याच लाटेत १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी मद्याचे किमान वयही १८, १९ किंवा २० वर उतरवले. यामागचा युक्तिवाद समतेचा होता आणि तो मनापासून मांडला जात होता, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या राज्यांनी वय उतरवले तेथे तरुण चालकांचे अपघात वाढू लागले, आणि ज्या राज्यांनी ते उतरवले नाही ती शेजारीच असल्यामुळे तुलनेची सोय आपोआप झाली. संशोधकांच्या भाषेत यास नैसर्गिक प्रयोग म्हणतात, म्हणजे असा बदल की जो कोणी प्रयोगासाठी घडवून आणलेला नसतो, पण ज्यातून कारण आणि परिणाम बऱ्याच अंशी वेगळे करून पाहता येतात.

मिशिगनने १९७२ साली वय १८ केले आणि १९७८ च्या नोव्हेंबरात मतदारांनी थेट कौल देऊन ते पुन्हा २१ वर नेले. मेनने १९७७ साली आणि मॅसेच्युसेट्सने १९७९ साली ते २० वर नेले, तर इलिनॉयने १९८० साली ते २१ केले. राज्यांचे नियम असे वेगवेगळ्या वेळी बदलत गेल्याने एक नवाच प्रश्न उभा राहिला. न्यू जर्सीत १९८३ च्या आरंभी किमान वय २१ झाले तेव्हा शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये ते १९ होते. इलिनॉयच्या उत्तर सीमेपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये ते अजून १८ होते. आपल्या राज्यात मद्य मिळत नाही म्हणून गाडीने सीमा ओलांडायची, तेथे रात्री उशिरापर्यंत प्यायचे आणि त्याच अवस्थेत घरी परतायचे, असा प्रघात पडला, आणि अशा सीमांना वृत्तपत्रे रक्ताच्या सीमा म्हणू लागली. ज्या नियमाने तरुणाला मद्यापासून दूर ठेवायचे तोच नियम शेजारी वेगळा असल्याने त्याला मद्य पिऊन अधिक लांब गाडी चालवायला लावत होता. एका राज्याचा चांगला कायदा एकटा पुरेसा नसतो, हे येथे कागदावरच्या युक्तिवादाने नव्हे तर मृत्यूंनी सिद्ध झाले.

याच सुमारास कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर यांनी १९८० साली मद्यपी चालकांविरुद्ध लढणाऱ्या मातांची संघटना स्थापन केली. त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला रस्त्याच्या कडेने चालत असताना ज्याने ठोकरले तो चालक त्यापूर्वीही मद्य पिऊन गाडी चालवताना पकडला गेलेला होता. या संघटनेचे राजकीय बळ इतके वाढले की राज्यांच्या अधिकारात केंद्राने ढवळाढवळ करू नये असे मानणारे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन हेही प्रारंभीचा विरोध सोडून १७ जुलै १९८४ रोजी किमान वयाच्या राष्ट्रीय कायद्यावर स्वाक्षरी करते झाले. केंद्राला राज्यांना थेट आदेश देता येत नव्हता, म्हणून जे राज्य वय २१ करणार नाही त्याच्या महामार्ग अनुदानात कपात होईल अशी तरतूद केली गेली. साउथ डकोटाने त्यास आव्हान दिले, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरवला. १९८८ पर्यंत सर्व राज्ये २१ वर आली.

परिणाम किती झाला? वय वाढवण्याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला असता संबंधित वयोगटातील अपघातांत मध्यम प्रमाणात, साधारण सोळा टक्क्यांची घट दिसली, आणि वय कमी करण्याच्या अभ्यासांत सुमारे दहा टक्क्यांची वाढ. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाने या नियमाने १९७५ ते २०१७ या काळात ३१ हजारांहून अधिक जीव वाचवले. एकूण चित्र पाहिले तर १९८२ साली ८० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यांश असलेल्या चालकांच्या अपघातांत २१ हजारांवर माणसे मेली, आणि ती त्या वर्षीच्या एकूण रस्ते-मृत्यूंच्या जवळजवळ निम्मी होती. २०११ साली हा आकडा दहा हजारांच्या खाली आला. या घटीचे सगळे श्रेय किमान वयाला देता येणार नाही, कारण त्याच काळात सीटबेल्ट, सुरक्षित गाड्या आणि कडक शिक्षा हेही आले. परंतु सर्वाधिक घट एकविशीखालील चालकांतच झाली, ही गोष्ट बोलकी आहे.

या धोरणाला गंभीर विरोधही झाला आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. २००८ साली शंभराहून अधिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी एका निवेदनाद्वारे असे म्हटले की २१ च्या मर्यादेने तरुणांचे पिणे थांबलेले नसून ते वसतिगृहांच्या बंद खोल्यांत गेले आहे, आणि म्हणून या मर्यादेवर पुन्हा खुली चर्चा व्हावी. वसतिगृहांविषयीचे त्यांचे निरीक्षण खरे होते. हार्वर्डमधील हेन्री वेक्स्लर यांच्या १९९३ च्या पाहणीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४४ टक्के जण अतिरेकी मद्यपान करणारे आढळले होते, म्हणजे पुरुषाने एका बैठकीत पाच व स्त्रीने चार पेये किंवा अधिक. परंतु निरीक्षण खरे असले तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष न्यूझीलंडच्या अनुभवाने डळमळतो. तेथे १९९९ साली खरेदीचे वय २० वरून १८ वर आणले गेले आणि त्यानंतर अठरा-एकोणिशीतील तरुणांच्याच नव्हे, तर ज्यांना नव्या नियमानेही मद्य घेता येत नव्हते अशा पंधरा ते सतरा वयाच्या मुलांच्या अपघातांचे प्रमाणही वाढले, कारण थोरल्या भावाच्या किंवा मित्राच्या हातून बाटली त्यांच्यापर्यंत पोहोचू लागली.

मर्यादा २१ वर गेल्याने धोका नाहीसा झाला नाही, तो पुढच्या वयोगटात साठला, आणि आजची अमेरिकेची खरी समस्या तेथे आहे. २०१० सालच्या पाहणीत प्रौढांनी स्वतः दिलेल्या माहितीवरून मद्य पिऊन गाडी चालवण्याचे ११ कोटींहून अधिक प्रसंग वर्षभरात घडल्याचा अंदाज निघाला. त्यांपैकी ८५ टक्के प्रसंग अतिरेकी मद्यपान करणाऱ्यांचे होते, आणि २१ ते ३४ वयाचे पुरुष लोकसंख्येत केवळ ११ टक्के असूनही जवळजवळ एकतृतीयांश प्रसंग त्यांच्या नावावर होते. त्या काळात अशा गुन्ह्यासाठी वर्षाला सुमारे १४ लाख लोकांना अटक होत असे. भागाकार केला तर ऐंशी वेळा मद्य पिऊन गाडी चालवणारा तरुण साधारण एकदा पकडला जातो, आणि उरलेल्या वेळा सुखरूप घरी पोहोचतो. प्रत्येक सुखरूप फेरी त्याला हेच शिकवते की आपल्याला काही होत नाही. हा खोटा धडा कोणत्याही भिंतीवरच्या घोषणेपेक्षा प्रभावी असतो.

जास्त धोक्याच्या गटांबद्दल बोलताना महाविद्यालयीन मुलांची चर्चा फार होते, कारण त्यांच्याबद्दल बोलणारे लोक बहुतेक महाविद्यालयांतलेच असतात. वाहन अपघातांतील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमध्ये, आणि त्यामागची कारणे समजून घेताना वंश किंवा संस्कृती याकडे बोट दाखवणे हा एक जुना अन्याय आहे. नवाहो भूमीसारख्या अनेक राखीव प्रदेशांत त्यांच्या स्वतःच्या शासनाने मद्यविक्रीवर बंदी घातलेली आहे. मद्य मिळते ते प्रदेशाच्या कडेला असलेल्या गावांत, आणि घर मात्र अनेक मैल आत, अंधाऱ्या रस्त्यांच्या टोकाशी, जेथे ना बस ना जवळ रुग्णालय. न्यू मेक्सिकोतील गॅलप हे असेच सीमेवरचे गाव. त्या राज्यात गाडीतून न उतरता खिडकीतून मद्य विकत घेण्याची मुभा होती, आणि मद्यपानाला चालना देणाऱ्या अशा सोयी बंद व्हाव्यात म्हणून १९८९ साली गॅलपच्या नागरिकांनी राजधानी सांता फेपर्यंत पायी मोर्चा नेला. संपूर्ण राज्यात या खिडक्या बंद व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. १९९२ च्या नाताळच्या आदल्या रात्री अल्बुकर्कीजवळ महामार्गाच्या उलट दिशेने आलेल्या मद्यधुंद चालकाने एक आई आणि तिच्या तीन मुलींचा जीव घेतला, आणि त्यानंतर राज्याने मद्यांशाची मर्यादा १०० वरून ८० मिलिग्रॅमवर आणली. २००५ साली हेच राज्य पहिल्याच गुन्ह्यापासून प्रत्येक दोषी चालकाच्या गाडीत इग्निशन इंटरलॉक बसवणे बंधनकारक करणारे देशातील पहिले राज्य ठरले. हे उपकरण म्हणजे गाडीला जोडलेला श्वासमापक असून त्यात फुंकर मारल्यावर मद्य आढळल्यास इंजिन सुरूच होत नाही. मद्य विकणारी खिडकी आणि गाडी सुरू न होऊ देणारे यंत्र ही एकाच राज्याच्या कायद्याची दोन टोके असून दोन्हीकडे चालकाचा स्वभाव तोच होता.

एकविशीखालील चालकांसाठी शून्य-सहिष्णुता कायदे १९९५ च्या केंद्रीय तरतुदीनंतर १९९८ पर्यंत सर्व राज्यांत आले. त्यांनुसार तरुण चालकाच्या रक्तात २० मिलिग्रॅमही मद्यांश चालत नाही. जर्मनीने, जेथे सोळाव्या वर्षी बिअर मिळते, ऑगस्ट २००७ पासून एकविशीखालील आणि नवपरवानाधारक चालकांना गाडी चालवताना मद्य पूर्णपणे वर्ज्य केले. दोन देशांची मद्यसंस्कृती अगदी भिन्न असूनही दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले, याचा अर्थ झॅडोर यांच्या आकड्यांनी दाखवलेला फरक दोघांनाही मान्य करावा लागला.

शिक्षा कडक करण्याची मागणी प्रत्येक भीषण अपघातानंतर होते, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु मृत्यू कमी करण्याच्या दृष्टीने शिक्षेच्या तीव्रतेपेक्षा पकडले जाण्याची खात्री महत्त्वाची ठरते, हे ब्रिटनने अनुभवातून दाखवून दिले. १९६७ च्या रस्ते सुरक्षा कायद्याने तेथे ८० मिलिग्रॅमची मर्यादा व श्वासचाचणी आली आणि आठवड्याअखेरच्या रात्रींचे बळी सुरुवातीला सुमारे दोनतृतीयांशांनी घटले. परंतु पोलीस फार क्वचितच थांबवतात हे लोकांच्या लक्षात आल्यावर तो परिणाम विरत गेला, असे संशोधक लॉरेन्स रॉस यांनी दाखवले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सने हाच धडा उलट्या बाजूने गिरवला. १९८२ च्या डिसेंबरात तेथे कोणत्याही संशयाविना कोणत्याही चालकाला थांबवून तपासण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, नाकाबंदी वर्षानुवर्षे दिसत राहिली आणि प्राणघातक अपघात कमी झाले ते कमीच राहिले. अमेरिकेत मात्र १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने नाकाबंदी वैध ठरवूनही ज्या मिशिगनमधून तो खटला आला त्याच राज्याच्या न्यायालयाने १९९३ साली ती राज्यघटनेविरुद्ध मानली, आणि आजही अनेक राज्यांत अशी तपासणी होत नाही. नागरी स्वातंत्र्याचा तो आग्रह आदरणीय आहे. त्याची किंमत कोण मोजतो हेही सांगितले गेले पाहिजे.

महाराष्ट्राला या इतिहासाशी जोडणारा दुवा कायद्यातच आहे. भारतात मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅम असून ती जगातील कडक मर्यादांपैकी एक आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मद्याचे किमान वय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ आहे, तर शेजारच्या गोव्यात ते १८ आहे. म्हणजे सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्यामधली सीमा नियमाच्या दृष्टीने न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क यांच्यामधल्या जुन्या सीमेसारखीच आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला, गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता, आणि त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपाने राज्य हादरले. किमान वयाचा नियम कागदावर असून दुकानाच्या किंवा पबच्या दारात पाळला गेला नाही, तर त्याची किंमत रस्त्यावरचे दुसरे तरुण मोजतात.

सर्वांत मोठी उणीव मात्र मोजणीत आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात १,६८,४९१ मृत्यूंपैकी मद्य वा अमली पदार्थांच्या सेवनाखाली वाहन चालवल्याने झालेले मृत्यू सुमारे ४,२०० एवढेच, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास नोंदले आहेत, तर अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू आहेत. पोलीस अपघाताचे एकच मुख्य कारण लिहितात, आणि ज्या तरुणाने पिऊन वेग वाढवला त्याचा मृत्यू वेगाच्या रकान्यात जातो. अमेरिकेत १९७५ पासून प्रत्येक प्राणघातक अपघाताची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, त्यात चालकाचा मद्यांश लिहिला जातो आणि जेथे तो मोजला गेला नाही तेथे सांख्यिकी पद्धतीने त्याचा अंदाज केला जातो. अशा नोंदींमुळेच राज्यांनी वय चढवल्यावर काय झाले हे सांगता आले. भारताच्या वार्षिक अहवालात मृत चालकांच्या रक्तातील मद्यांशाचा रकाना नाही, त्यामुळे महाराष्ट्र-गोवा सीमेवरील बांदा-पत्रादेवीच्या नाक्यावरून रात्री परतणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांपैकी किती जण मद्यामुळे मेले, आणि दोन राज्यांनी किमान वय एक केले तर त्यांतले किती वाचतील, याचे मोजून दिलेले उत्तर महाराष्ट्रापाशी नाही.